लाडू चावतो, पण आजींच्या खुर्चीपाशी येऊन बसतो

या वेळचं पत्र डोंबिवलीच्या एका आईचं आहे, त्यांच्या चावऱ्या हॅमस्टरबद्दल (उंदराच्या कुळातला छोटा पाळीव प्राणी). थोडं कापलंय, बाकी शब्द त्यांचेच.

"ताई नमस्कार, मे महिन्यात लेकीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही हॅमस्टर आणला. सोनेरी रंगाचा, पोट पांढरं, नाव ठेवलं लाडू. दुकानदार म्हणाला एकदम शांत आहे, दोन दिवसात हातावर खेळेल. आज तीन आठवडे झाले, हात आत घातला की चावतो. मिस्टरांच्या अंगठ्यातून रक्त आलं, लेकीला दोनदा चावला, आता ती लांबून बघते आणि रडते. सगळ्यांची सवय व्हावी म्हणून पिंजरा हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी ठेवलाय. दिवसभर झोपलेला असतो म्हणून लेक दुपारी उठवून बाहेर काढायला बघते. मिस्टर बागकामाचे जाड हातमोजे घालून पकडतात तर किंचाळतो. चावला की नाकावर टिचकी मारा असं कुणीतरी सांगितलं, तेही करून झालं. वास यायला लागला म्हणून एकदा बेबी शॅम्पूने आंघोळ घातली, दर रविवारी पिंजरा फिनाईलने धुते. सासूबाई म्हणतात उंदीर तो उंदीरच, परत देऊन या, त्यांनी किचनमध्ये उंदीर पळवायचं ते प्लगला लावायचं मशीन लावलंय. गंमत म्हणजे रात्री त्या हॉलमध्ये खुर्चीत जप करत बसतात तेव्हा हा जाळीपाशी येऊन त्यांच्याकडे बघत बसतो. त्यांना ते अजिबात आवडत नाही. हा माणसाळेल का, की मुळातच चावरा आहे? आणि चावल्यावर इंजेक्शन घ्यावं लागतं का?"

आधी इंजेक्शनचं बोलू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. मी डॉक्टर नाही, घरात बारा वर्षं हॅमस्टर पाळलेली एक बाई आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा. चावल्या चावल्या जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून छान पाच-दहा मिनिटं धुवायची, हळद-बिळद चेपायची नाही. रेबीजची भीती सगळ्यांना पहिली वाटते, पण हॅमस्टर, गिनीपिग, उंदीर असल्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये रेबीज जवळपास कधीच सापडत नाही आणि त्यांच्याकडून माणसाला झाल्याचं माहीत नाही, असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी स्पष्ट सांगते. धनुर्वाताचं मात्र बघा. लेकीचा पाचव्या वर्षीचा बूस्टर झालाय का ते तिच्या लसीच्या कार्डावर तपासा (पुढचा डोस, टीडी, दहाव्या वर्षी असतोच), आणि मिस्टरांना शेवटचं टीटी कधी घेतलं ते आठवत नसेल, बहुतेक मिस्टरांना ते आठवत नसतंच, तर जाऊन डॉक्टरांना विचारा. बोट लाल होऊन सुजलं, पू झाला, ताप आला तर वाट बघू नका. आणि चावल्यावर अंगभर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल, हॅमस्टरच्या लाळेची जोरदार अ‍ॅलर्जी फार थोड्यांना असते पण असते. घरात कुणी गरोदर असेल तर तिने पिंजरा साफ करू नये, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता लाडू.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही "गंमत म्हणजे" म्हणून शेवटाकडे टाकलंय. तीन आठवड्यांत घरातल्या चारपैकी तिघांनी त्याला हातात घ्यायचा प्रयत्न केला आणि तो तिघांच्या वाटेला जात नाही. ज्या एका बाईला तो घरातच नकोय, जी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, एका जागी बसते, एका लयीत पुटपुटते आणि तेही त्याच्या जागं व्हायच्या वेळेला, तिच्यापाशी तो स्वतःहून येतो. मुळातच चावरा असलेला हॅमस्टर माणूस दिसला की बिळात जाऊन बसेल किंवा जाळीवर धावून येईल, हा चक्क येऊन बसतो. म्हणजे माणूस त्याला चालतो. हात चालत नाही. सासूबाईंना सांगू नका हे आत्ताच, शेवटी सांगू.

हात का चालत नाही तर त्याच्या बाजूने बघा. तुमचा लाडू, वर्णनावरून, सीरियन हॅमस्टर आहे. पूर्ण वाढला तरी शंभर-दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन-तीन अंड्यांचं वजन. डोळे काळेभोर टपोरे असले तरी नजर अधू, थोडं लांबचं धूसर दिसतं, उंचीचा अंदाज तर जवळपास नाहीच. दुनिया चालते ती नाकावर आणि कानावर. मोकळ्या शेतात राहणाऱ्या या जिवावर वरून जे झेपावतं ते घुबड असतं, ससाणा असतं, वरून कधीही चांगली गोष्ट आलेली नाही. आणि तुमच्या पिंजऱ्याचं दार बहुतेक वरून उघडत असणार! भर दुपारी गाढ झोपेत असताना छप्पर उघडतं, वरून पाच बोटं येतात, त्यांना आंब्याचा किंवा मसाला शेंगदाण्याचा वास असतो, आणि ती कमरेला धरून हवेत उचलतात. मला कुणी असं उठवलं तर मीही चावेन.

शिवाय कुत्र्यामांजरासारखी हजारो वर्षांची ओळख इथे नाहीये. १९३० साली जेरुसलेमच्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी सीरियात अलेप्पोजवळ गेले, तिथे एका गव्हाच्या शेतात खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं काढली. वाटेत त्या आईने स्वतःचंच एक पिल्लू मारलं, काही पळाली, काही मेली, उरलेल्या मूठभर जिवांची वंशावळ वाढवली आणि जगभर पाळले जाणारे सीरियन हॅमस्टर जवळपास सगळे त्या एका बिळातल्या कुटुंबाचे. पुढच्याच वर्षी ते लंडनला पोचले, १९३८ ला अमेरिकेत. म्हणजे माणसाच्या घरात यायला त्यांना अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत आणि त्यातही प्रत्येक पिल्लाला माणूस नव्याने शिकावा लागतो, ते आईच्या दुधातून येत नाही. दुकानातल्या "एकदम शांत"चा अर्थ बहुतेक वेळा घाबरून थिजलेला असा असतो. थिजणं आणि शांत असणं लांबून सारखंच दिसतं.

आता थोडं रागावते हं, पण प्रेमाने. आंघोळ परत कधीही नाही. पाण्याने त्याच्या अंगावरचं तेल जातं, थंडी भरते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा स्वतःचा वास जातो, तो वासच त्याचं घर असतं. आंघोळीसाठी एका पसरट वाडग्यात बारीक वाळू ठेवा, चाळून धुऊन कढईत भाजून पूर्ण गार केलेली, तो स्वतः लोळतो आणि बघायला फार गोड दिसतं. टाल्कम पावडर नको, फुफ्फुसात जाते. वासाचं म्हणाल तर लाडू कदाचित लाडूबाई असेल, मादी सीरियनला दर चार दिवसांनी एकदा उग्र वास येतो आणि आपोआप जातो, त्यात घाण काही नाही. (कोणीतरी म्हणेल मादी असेल तर पोटुशी असेल म्हणून चावते. या जातीत फक्त सोळा दिवसांत पिल्लं होतात, तुमच्याकडे तीन आठवडे झाले, एव्हाना कळलं असतं.)

फिनाईल बंद. दर रविवारी तुम्ही त्याचं घर पुसून टाकता आणि सोमवारी तो अनोळखी जागेत जागा होतो, वर फिनाईलचा तो भपका, आपल्यालाच सहन होत नाही. रोज फक्त शी-शूचा कोपरा चमच्याने काढा, बराचसा एकाच कोपऱ्यात करतो तो. मोठी सफाई तीन-चार आठवड्यांनी, आणि तेव्हाही जुनं कोरडं बेडिंग, म्हणजे आत अंथरलेला थर, एक तृतीयांश तरी परत टाकायचं. सुरुवातीचे पंधरा दिवस तर मोठी सफाई नकोच.

टिचकी. हे कोण सांगतं लोकांना काय माहीत, तोंडावर फुंकर मारा हेही सांगतात. त्याला शिक्षा कळत नाही, त्याला एवढंच कळतं की हात खरंच मारतो, म्हणजे आपण चावलो ते बरोबरच केलं. हातमोज्याचंही तसंच, जाड मोज्यात आपल्याला कळत नाही किती दाबलं जातंय, आणि त्याला येतो तो माती-खताचा वास, माणसाचा नाहीच. मोजा घालून पकडून तो मोज्याला माणसाळेल फार तर.

आणि ते मशीन! ते आधी काढा, हा लेख पुढे वाचायच्या आधी उठून काढा. उंदरांना त्रास व्हावा म्हणून ते आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज करतं आणि हॅमस्टरला तो ऐकू येतो. किचन आणि हॉल एकमेकांना लागून असेल, दार नसेल, तर तुमचा लाडू तीन आठवडे कर्णकर्कश भोंग्याशेजारी राहतोय असं समजा. टीव्हीचंही तसंच, टीव्ही आणि चार्जर यांचीही बारीक किणकिण असते. सगळ्यांची सवय व्हावी म्हणून भर बाजारात घर दिलंत त्याला.

हे सगळं मी शहाणी म्हणून सांगत नाहीये. माझा पहिला हॅमस्टर शेंगदाणा, त्याने दुसऱ्याच दिवशी माझी तर्जनी फोडली आणि मी दचकून हात झटकला, तो डायनिंग टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडला. पाय लचकला, आठ दिवस लंगडत होता. इतकुशा जिवाला तेवढी उंची म्हणजे आपल्याला गच्चीवरून. त्यानंतर माझ्या घरात हॅमस्टर जमिनीवर बसूनच हाताळतात, पाहुण्यांसकट सगळे.

तर आता काय करायचं. पहिले सात-आठ दिवस हाताचं नावच काढायचं नाही. फक्त घर बदलायचं. टीव्हीच्या शेजारून पिंजरा उचलून हॉलच्या शांत कोपऱ्यात, एक बाजू भिंतीला लागलेली, आपल्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे आपण राक्षसासारखे वरून दिसत नाही. ऊन येत नसलेला, एसीचा थेट झोत नसलेला. तुम्ही पिंजऱ्याचं माप लिहिलं नाही पण दुकानातले रंगीबेरंगी दुमजली पिंजरे मला माहितीयेत, खेळण्यातल्या बंगल्यासारखे दिसतात आणि आत पळायला जागा नसते. जर्मनीतली प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना किमान १०० बाय ५० सेंटीमीटर जागा सांगते. एवढा पिंजरा आपल्याकडे मिळायला त्रास होतो आणि मिळाला तर किंमत ऐकून घाम फुटतो, त्यापेक्षा कुणाचा तरी माळ्यावर पडलेला साडेतीन फुटी फिशटँक मागून घ्या, वर जाळीचं झाकण बसवा. किंवा गाद्या-रजया ठेवायचा सगळ्यात मोठा प्लास्टिकचा बॉक्स, झाकण कापून जाळी. बाजूच्या गजांचा पिंजरा गेला की बोटं आत घालायची सवयही जाते, ते वेगळंच. आत निदान सहा इंच बेडिंग, बिनवासाचे साधे टिश्यू फाडून चालतात, छापील वर्तमानपत्र आणि कापूस नको, कापसाचे धागे पायाला गुंडाळतात. पाइन-देवदारचा वासाचा भुसाही नको. बीळ करता आलं की अर्धी भीती तिथेच जाते. ज्याला लपायला जागा असते तोच बाहेर यायचं धाडस करतो.

चाकाकडेही बघा. पळताना पाठ कमानीसारखी वाकत असेल तर चाक लहान आहे, सीरियनला अकरा इंचांच्या आसपास लागतं आणि पळायची पट्टी सलग, गजांची नको. रात्रभरात काही किलोमीटर पळणारा प्राणी आहे हा, वाकड्या पाठीने पळून पाठ दुखली तर दिवसा चिडचिड करणारच. चाक कुरकुरत असेल तर दांड्याला थोडं खाण्याचं तेल.

आणि गरमी. अठरा ते चोवीस डिग्रीत हे सुखी असतात, तिशीच्या वर त्रास सुरू, त्यांना घाम गाळून गार होता येत नाही. आपल्याकडे मेमध्ये घरात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. उकाड्याने पण चावरे होतात. शहाबादी फरशीचा एक तुकडा आत ठेवा, त्यावर पोट टेकून पसरतो बघा, आणि एक छोटी मातीची कुंडी आडवी, फुटक्या माठाचा मोठा तुकडा असेल तर फारच छान, कडा घासून घ्या फक्त. फार उकडत असेल तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवायची.

या आठ दिवसांत रोज रात्री नऊ-साडेनऊनंतर कुणीतरी एकाने शेजारी बसायचं आणि हळू आवाजात काहीही बोलायचं. पाढे म्हणा, उद्याच्या भाजीची यादी म्हणा. हाक मारून उठवायचं नाही, आपणहून उठला तर ठीक. आणि कोरा टिश्यू दिवसभर आपल्या ब्लाउजमध्ये किंवा शर्टाच्या आत ठेवून रात्री त्याच्या बिळाशेजारी टाकायचा. हा उपाय ऐकायला येडपट वाटतो पण माझ्याकडच्या प्रत्येकावर चाललाय. तो टिश्यू स्वतः ओढत नेऊन त्यावर झोपतो, म्हणजे तुमच्या वासात झोपतो, आणि मग तो वास भीतीचा राहत नाही.

मग चमचा. आइस्क्रीमचा लांब लाकडी चमचा घ्या, त्यावर भोपळ्याची बी किंवा उकडलेल्या अंड्याचा कण, अंडं चालत नसेल तर काकडीचा बारीक तुकडा. समोरून, त्याच्या उंचीवर धरायचा, वरून नाही. पहिले दोन दिवस हिसकावून पळेल, पळू दे. गालात भरून नेतो, त्या गालाच्या पिशव्या पार खांद्यापर्यंत असतात, मुलांना ते दाखवाच. रोज चमचा थोडा मागे धरायचा म्हणजे बोट जवळ येतं. चमच्याजवळ उभा राहून तिथेच खायला लागला की समजायचं पहिली परीक्षा पास. पण सूर्यफुलाच्या बिया मूठमूठ देऊ नका, दिवसाला चार-पाच पुरे, फार तेलकट असतात. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट कधीच नाही.

त्यानंतर हात, तोही आधी मूठ. बोटं आत दुमडून मुठीची मागची बाजू बेडिंगवर ठेवायची आणि गप्प बसायचं. मुठीला चावायला टोक नसतं, घाबरट माणसांसाठी पण बरं. साध्या कमी वासाच्या साबणाने हात धुतलेला असावा, जेवणानंतर बोंबिलाचा वास राहिलेला हात आत घातला तर तो चाखून बघणारच आणि त्यात त्याची काही चूक नाही. हुंगेल, मिशा लावेल, एक पाय ठेवेल, पळून जाईल. मूठ हलवायची नाही, पाठलाग करायचा नाही, कोपऱ्यात गाठायचं तर मुळीच नाही. दहा मिनिटं, रोज. मग तळहात उघडा करून मध्यावर बी, म्हणजे बी घ्यायला चार पाय हातावर ठेवायलाच लागतात. हे व्हायला काहींना आठवडा लागतो, काहींना महिना. शेंगदाण्याला सहा आठवडे लागले, तो पडल्यामुळे.

चावणं दोन प्रकारचं असतं हे ओळखायला शिका. एक म्हणजे चाखणं, दात हळूच टेकवून बघतो की हे खायचं आहे का, रक्त येत नाही. तेव्हा हात ओढायचा नाही, जरासा त्याच्याच दिशेने ढकलायचा, तो सोडतो. दुसरं कडकडून, ते भीतीचं, आणि त्याच्याआधी तो सांगतो बरं का! कान मागे चिकटवतो, आखडून थिजतो, दात कटकटवतो, मागच्या पायांवर उभा राहून पुढचे दोन्ही हात बॉक्सरसारखे धरतो, उताणा पडून किंचाळतो. यातलं काहीही दिसलं की त्या दिवशीचं तिथेच थांबवायचं, चावायच्या आधी. चावल्यावरच हात मागे घेतला तर तो शिकतो की चावलं की हात जातो, कानांकडे बघून मागे घेतला तर शिकतो की चावायची गरजच नाही. आणि तरी चावलाच, लटकला, तर झटकायचं नाही, हात जमिनीला टेकवायचा, पायाखाली जमीन लागली की सुटतो. ओरडायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन ओरडा, मी तेच करते.

उचलायचं ते सगळ्यात शेवटी आणि खरं तर उचलायचंच नाही. चहाचा मोठा मग किंवा रुंद पुठ्ठ्याची नळी आडवी ठेवायची, तो आपणहून आत शिरतो, त्यानंतर मगासकट उचलायचा. बाहेर काढायला आपल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाथरूम, वायपर मारून पूर्ण कोरडं केलेलं, नहाणी ट्रॅपवर जड काहीतरी ठेवलेलं, बादल्या बाहेर, कमोडचं झाकण बंद. नाहीतर लेकीचा लहानपणीचा आंघोळीचा टब असेलच कुठेतरी. मध्ये मांडी घालून बसा, तुम्ही डोंगर आहात असं समजू द्या त्याला, चढेल उतरेल. या चढण्या-उतरण्यातच काम होतं, पकडण्यात होत नाही. हॉलमध्ये मोकळा सोडू नका, शेंगदाणा एकदा फ्रीजच्या मागे जाऊन बसला होता, रात्री फरशीवर कणकेचा पातळ थर भुरभुरला तेव्हा सकाळी पावलं दिसली आणि कळलं कुठल्या फटीत आहे ते. बादलीला पुस्तकांच्या पायऱ्या लावून आत टॉवेल आणि बिया ठेवल्या, पहाटे बादलीत सापडला, रुबाबात खात बसलेला. म्हणून घरात उंदरांचं औषध आणि चिकट पॅड पण ठेवू नका, मशीनबरोबर तेही टाका.

आता हा परिच्छेद लेकीला वाचून दाखवा. बाळा, लाडू तुझ्यावर रागावलेला नाहीये. तू त्याच्यापेक्षा जवळपास दोनशे पटीने जड आहेस आणि तो झोपेत असताना तू येतेस, एवढंच झालंय. तुझ्यासाठी एक काम आहे आणि ते मोठ्यांना जमणार नाही कारण ते मोबाईल बघत बसतात. एक वही कर. रोज रात्री अर्धा तास त्याच्याकडे नुसतं बघायचं आणि लिहायचं, किती वाजता उठला, कान कसे होते, आधी चाकावर गेला की खायला, जांभई दिली का. मोठ्ठी आळोखेपिळोखे देत जांभई दिली, किंवा तुझ्यासमोर बसून तोंड धुवायला लागला, तर टिक कर, कारण घाबरलेला हॅमस्टर सहसा निवांत तोंड धूत बसत नाही. त्याचे दात पिवळे दिसले तर घाबरू नको, त्यांचे तसेच असतात. आई म्हणेल तेव्हा चमचा तुझ्या हातात येईल, पण आधी आईचा हात दहा दिवस न चावता राहिला पाहिजे. तोपर्यंत दुपारी त्याला उठवायचं नाही, प्रॉमिस.

तुमच्याशी मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलते ताई. नऊ वर्षांच्या मुलीसाठी हॅमस्टर हा फारसा सोयीचा प्राणी नाही, दुकानात लहान आणि स्वस्त म्हणून मुलांना घेऊन देतात पण मुलं झोपायला जातात तेव्हा हा उठतो. हा तुमचा प्राणी आहे, लेक मदतनीस आहे, असं मनाशी धरलंत तर सगळं सोपं जाईल. दोन, फार तर तीन वर्षं जगतो. एकटा आहे म्हणून जोडीदार आणू नका, सीरियन एकटेच राहतात, मोठे झाले की एकमेकांना जखमी करतात, मारूनही टाकतात. इतकं करून दोन-तीन महिन्यांत हातावर आला नाही तरी काही बिघडत नाही, काही जण येतच नाहीत, ते बघायचे हॅमस्टर असतात, फिशटँकमधल्या माशांना कोण कडेवर घेतं! परत द्यायचा विचार असेल तर तो पुन्हा "एकदम शांत" म्हणून कुणाला तरी विकला जाईल एवढं लक्षात घ्या, आणि बागेत सोडून तर अजिबात देऊ नका, कावळे-मांजरी तासभरही ठेवणार नाहीत. एकदा व्हेटला दाखवून आणा, पण फोन करून विचारा हॅमस्टर बघता का म्हणून, बरेच जण फक्त कुत्री-मांजरी बघतात. शेपटीकडे ओलं दिसलं, जुलाब झाले, खाणं थांबलं तर मात्र त्याच दिवशी, हे जीव एका दिवसात हातचे जातात. आणि माणसाळल्यानंतर अचानक चावायला लागला तर काहीतरी दुखतंय असं समजायचं.

राहिल्या सासूबाई. माझी विनंती आहे की पिंजऱ्याची नवीन जागा त्यांच्या जपाच्या खुर्चीपासून दोन-तीन हातांवर ठेवा. त्यांना काही करायला सांगू नका, त्याच्यावर प्रेम करा वगैरे तर मुळीच नको. जप नेहमीसारखा होऊ दे, त्याच वेळेला, त्याच आवाजात. आठवड्याभराने एका वाटीत भोपळ्याच्या चार बिया आणि तो लाकडी चमचा त्यांच्या बाजूच्या टेबलावर ठेवून द्या आणि तुम्ही आत निघून जा. गणपतीचं वाहन आहे हे मी त्यांना सांगणार नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. बिया सकाळी तशाच असल्या तर रोज रात्री परत ठेवायच्या. आणि वाटी रिकामी दिसली तर काही विचारू नका, मला मात्र नक्की कळवा.